पहिल्या पाच किलोमीटरचा धूर

१

बंद पडलेली गाडी मेकॅनिकला परवडते. ढकलत आणली, खोलली, लावली, मिटलं. पण आपल्या हातानं नीट करून पाठवलेली गाडी धूर सोडायला लागली, की त्याच्यासारखी बेअब्रू नाही. धूर अख्ख्या गावाला दिसतो.

त्या गुरुवारी बजरंगची व्हॅन गंगाखेडला महेश्वरीच्या गॅरेजसमोर येऊन थांबली, तेव्हा खरं तर धूर नव्हता. धुरापेक्षा वाईट गोष्ट होती. बजरंगचा आवाज होता.

"बघा हो, बघा समदे! हिनं माझ्या गाडीचे दोन सेन्सर बदलले, आन् त्या दिसापासून रोज सकाळी गाडी भट्टीवानी धूर सोडायलीय! आठ पोरी शाळंला बसतेत माझ्या गाडीत. त्यांचे मायबाप म्हणायलेत, बजरंग, पोरी जाळतोस का काय?"

समोरच्या चहाच्या टपरीवरचे सगळे कप हवेत थांबले. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं सुद्धा गाणं बंद केलं. लोकांना काय, फुकट तमाशा.

महेश्वरी एका स्कूटरचा ब्रेक आवळत होती. तिनं पाना खाली ठेवला आणि हात पुसत बाहेर आली. वय एकोणतीस, आयटीआयला वर्गात एकटी मुलगी. गंगाखेडात गॅरेज टाकून अकरा महिने झाले होते. जागा वडिलांची होती. गुरुसिद्धप्पांचं किराणा दुकान, त्याच्या बाजूची शेड. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मोजकं असा तो माणूस. त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं होतं, "एक वरीस बघ. जमलं तर तुझं. न्हाई जमलं तर गुमान माझ्या दुकानात बस." वर्षाला एक महिना उरला होता, आणि महेश्वरीला साखर-डाळ जोखत जन्म काढायचा नव्हता.

"बजरंगभाऊ, आत या, बसा. आधी बघू तर द्या."

"बघ की! पण बाजाराच्या दिसापस्तोर कारण सांग. न्हाई तर भर बाजारात सांगतो, ह्या बाईकडं गाडी घालू नका म्हणून. दत्तराव मिस्त्री म्हणला मला, इंजिन खल्लास झालं."

बाजाराला पाच दिवस होते. आणि बजरंग हा असा माणूस, की बोलला म्हणजे करणारच.

टपरीवरचा एकजण उठला आणि सर्व्हिसिंगसाठी उभी केलेली आपली मोटारसायकल गुपचूप ढकलत घेऊन गेला.

२

महेश्वरीनं पहिला संशय स्वतःवरच घेतला.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे गाडीची नाकं. जळून बाहेर पडणाऱ्या वाफेत हवा किती उरली हे हुंगायचं आणि इंजिनाला कळवायचं, एवढंच त्यांचं काम. बजरंगच्या व्हॅनला दोन होती. एक इंजिनाच्या गळ्याशी, दुसरं मागं पोटाखाली, सायलेन्सरच्या पाइपावर. दोन्ही गंजून असे गच्च बसले होते, की काढता काढता महेश्वरीची बोटं सोलली होती. स्प्रे मारून, घासून, कसेबसे काढले. नवीन बसवताना आट्यांना चंदेरी पेस्ट लावली. ती पेस्ट पहिल्या दिवशी जळते, थोडा धूर होतो, हे तिला ठाऊक होतं. पण पहिल्या दिवशी! पाचव्या दिवशी कुठून आली?

"धूर कसल्या रंगाचा, भाऊ?"

"पांढरा. जरा पिवळट म्हण."

काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय म्हणाली असती. निळा असता तर ऑइल. पांढरा म्हणजे कूलंटचं पाणी इंजिनात शिरतंय, आणि तसं असेल तर दत्तराव मिस्त्री, गावातला जुना मेकॅनिक, खरा आणि महेश्वरी दुकानात. तिनं टाकीचं झाकण उघडलं. पाणी थेंबभर कमी नव्हतं. ऑइलची पट्टी काढली, बरोबर खुणेवर. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा, ज्याच्यापायी गाडी मुळात आली होती, तोही विझलेला. म्हणजे नाकं नीट हुंगत होती.

तिनं गाडी चालू केली, कमरेची पांढरी दस्ती, म्हणजे रुमाल, काढून सायलेन्सरच्या तोंडाशी दहा मिनिटं धरली. दस्ती जशीच्या तशी पांढरी राहिली.

"थंडीची वाफ आसंल," बघायला आलेला शिवप्रकाश म्हणाला. त्याचं स्पेअर पार्टचं दुकान, सेन्सर त्याच्याकडचेच. महेश्वरीनं त्याच्यावर अशी नजर रोखली, की बिचारा घामेजला. "ताई, महादेवाची आण! माल ओरिजनल हाय. डुप्लिकेट इकायचं आसतं तर तुला इकलं आसतं का? तू डबी उघडून वास घेती!"

ते खरंच होतं. डबी तिनं भिंगानं बघून घेतली होती. शिवप्रकाश सुटला.

"वाफेला वास येतो का हो?" तिनं बजरंगला विचारलं.

बजरंग पहिल्यांदाच जरा गडबडला. "वास येतो. पण कसा सांगू... पेट्रोलचा न्हाई. पोरी म्हणतेत, काका, ह्या वासानं आमाला भूक लागती."

भूक? धुरानं डोळे झोंबतात, ठसका लागतो. भूक लागते असं महेश्वरीनं आयटीआयच्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

३

"आजची रात गाडी हितं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी मीच धारवाडीला येते, पोरी मीच घेऊन येते."

शुक्रवारी तिनं तसंच केलं. गॅरेजातून धारवाडी नऊ किलोमीटर, परत नऊ. उसाच्या फडांमधून, नदीवरून आलेल्या धुक्यातून. आरशात बघून बघून तिची मान दुखली. धुराचा एक दोरा सुद्धा निघाला नाही. पोरी मागं पाढे म्हणत बसल्या होत्या.

"ताई, आज वास न्हाई आला," एक जण हिरमुसून म्हणाली.

महेश्वरीनं गाडी बजरंगच्या ताब्यात दिली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

शनिवारी सकाळी शाळेच्या दारातून बजरंगचा फोन. "अक्कल आली का ठिकाणावर? सोडला धूर! गावाच्या येशीपासून सुरू झाला, पाच किलोमीटर नुसता धूर, मग आपोआप बंद. तुझ्याकडं सुधारती, माझ्याकडं बिघडती. म्हंजी मीच खोटा का?"

फोन बंद झाला. गुरुसिद्धप्पा दुकानातून सगळं ऐकत होते. त्यांनी गिऱ्हाईकाचा पुडा बांधला, दोरा तोडला आणि लेकीकडं न बघता म्हणाले, "गाडी तीच. रस्ता तोच. बदललं काय?"

"मुक्काम," महेश्वरी म्हणाली, आणि स्वतःच चपापली.

होय की! गॅरेजात झोपली तर धूर नाही. बजरंगच्या अंगणात झोपली, की धूर. दुपारी शाळेतून परतताना नाही, संध्याकाळी नाही. फक्त सकाळी, घरून निघाल्यावर, पाच किलोमीटर. आणि पाणी, ऑइल, दस्ती सगळं बरोबर, म्हणजे धूर इंजिनाच्या आतून येतच नव्हता. पाइप तापला, की त्याच्यावरचं काहीतरी जळत होतं. जळून संपलं, की धूर संपत होता. आणि रात्रीतून ते काहीतरी पुन्हा पाइपावर येत होतं.

आपोआप? लोखंडाला काही घाम फुटत नाही. कुणीतरी लावत होतं.

४

रविवारी ती धारवाडीला गेली, निमित्त गाडी धुण्याचं.

बजरंगचं घर साधं, नेटकं. अंगणात व्हॅन, पलीकडं रिकामा गोठा. बजरंगची आई कस्तुराबाई ओसरीवर तूर पाखडत होती. सून रेणुका भाकरी थापत होती. बजरंगचे वडील चंद्रभान लिंबाखाली बाजेवर बसलेले. पंचाहत्तरी ओलांडलेला, वाळलेल्या शेंगेसारखा किडकिडीत माणूस. व्हॅन न्यायला बजरंगबरोबर तेही आले होते, महेश्वरीला आठवत होतं.

"दत्तराव मिस्त्री येतो का हो इकडं?" तिनं सहज विचारलं.

"त्यो कशाला येतोय," कस्तुराबाई म्हणाली. "त्याला धारवाडीचा रस्ता तरी ठावं हाय का? बजरंगनंच त्याला टपरीवर गाठून इचारलं." म्हणजे दत्तरावनं गाडी उघडून सुद्धा बघितली नव्हती. नुसतं तोंड चालवलं होतं. तोही सुटला.

महेश्वरी गाडीखाली वाकली. जमिनीवर मुंग्यांची रांग होती. सरळ चाललेली, गळ्याजवळच्या सेन्सरच्या बरोब्बर खाली. तिथं मातीवर दोन-तीन थेंब वाळले होते. शेजाऱ्याचं कुत्रं येऊन त्यातला एक चाटून गेलं.

"मावशी, तुमच्याकडं मांजर हाय का?"

"हाय ना मेलं! आन् आसं चटावलंय! आठ दिसात तुपाचं गाडगं अर्धं केलं. रेणुकाला म्हणते झाकण घट्ट लाव, तर ती म्हणती घट्टच हाय. आता मांजर झाकण उघडून परत लावतंय का?" कस्तुराबाई स्वतःच हसली. रेणुका मात्र हसली नाही. तिच्यावर आळ येत होता.

तूप. भूक लागणारा वास. पिवळट धूर.

 महेश्वरीनं मान वर केली तर चंद्रभान तिच्याकडं बघत होते. तिची नजर पडताच त्यांनी उजवा हात धोतराच्या घोळात सारला.

५

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या सुमारास तिनं स्कूटी धारवाडीच्या वेशीबाहेर लावली आणि चालत गेली. चोर पकडायला निघालेल्या माणसाची छाती धडधडते म्हणतात. तिची धडधडत होती ती वेगळ्याच कारणानं. चोर सापडू नये असं तिला वाटायला लागलं होतं.

अंगणात कुणी नव्हतं. पण व्हॅनखाली पोतं अंथरलं होतं, आणि पोत्यावरून दोन सुरकुतलेले, अनवाणी पाय बाहेर आले होते.

गाडीखालून आवाज येत होता. हळू, समजूत घालणारा. "ऊं... आगं झालं, झालं. उलीसं ऱ्हायलंय. उद्यापस्तोर खपली धरंल बघ."

महेश्वरी तिथंच उकिडवी बसली. "आबा," ती म्हणाली.

पाय थबकले. मग चंद्रभान सरकत बाहेर आले. हातात वाटी, वाटीत तूप-हळद कालवलेली. हात कोपरापर्यंत पिवळे.

"कळलं व्हय तुला," ते म्हणाले.

"कळलं. पण कामून, आबा?"

म्हातारा वाटीकडं बघत राहिला. "त्या दिशी तूच दावलंस ना मला. हितं काढताना लय घासलं म्हणलीस. म्या बोट लावून बघितलं. कातडं निघाल्यागत लाल. बैलाचा खांदा जू घासून आला म्हंजी आसाच दिसतो. आमी तूप-हळद लावायचो, आठ दिस, पहाटं, औताला जुपायच्या आधी. चाळीस वर्सं लावलं बघ. राजा आन् पाखऱ्याला. त्यांच्या आधी त्यांच्या बापांना."

"ते बैल कुठं गेले?"

"इकले. दोन वर्सं झाली. म्या लेकीकडं सोनपेठला गेल्तो, माघारी आलो तर दावण रिकामी. बजरंगचं बी खरं हाय, ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, बैलाला वैरण कुठली घालावी? पर मला इचारलं न्हाई. शेवटी हात फिरवायचा ऱ्हायला."

 महेश्वरी हळूच म्हणाली, "आबा, गाडीला दुखत न्हाई हो."

"आगं, मला का कळत न्हाई लोखंड हाय ते? मी खुळा न्हाई." चंद्रभान पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून बोलले. "पर पहाटं जाग येती, आन् हात ऱ्हात न्हाईत गं. काय करू ह्या हातांचं?"

तिचे डोळे भरून आले. तिनं बाहीनं पुसले, तर बाहीचं ऑइल गालाला लागलं.

"पोरी, बजरंगला सांगू नको. पाया पडतो तुझ्या. मागल्या महिन्यात दोनदा रिकाम्या गोठ्यात वैरण टाकली म्या, झोपंच्या भरात. तवापासून घरात हळू आवाजात बोलतेत. लातूरला डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणतेत. हे कळलं तर मला येडाच ठरिवतेल."

बाजार उद्यावर आला होता. कारण सांगितलं तर तिचं गॅरेज वाचत होतं. नाही सांगितलं तर म्हातारा वाचत होता. दोन्ही वाचायची काही सोय नव्हती.

"न्हाई सांगत," महेश्वरी म्हणाली. "पण एक करा. आजपासून लावू नका. वरून जळतं ते, धूर होतो. सेन्सरमदी गेलं तर तो बी खराब व्हईल."

चंद्रभाननी वाटी छातीशी धरली आणि मान हलवली. महेश्वरी गाडीखाली सरकली, आणि पाइपावरचं तूप आपल्या दस्तीनं निपटून काढलं.

त्या सकाळी धूर निघाला नाही. बजरंग गॅरेजात आला. "काय झाल्तं?"

"माझ्या हातानं पाइपावर ग्रीस ऱ्हायलं व्हतं. ते जळायचं. पुसून काढलं, आता व्हणार न्हाई."

"रोज जळून रोज कसं उरायचं?"

"जास्त ऱ्हायलं व्हतं."

"म्हंजी चूक तुझीच."

"व्हय, माझीच."

बजरंग गेला. कारण सांग म्हणाला होता, तिनं सांगितलं होतं, आणि ते कारण तिचीच चूक निघाली होती. आता बाजारात बोलायला त्याला कोण अडवणार होतं?

गुरुसिद्धप्पांनी तिची पिवळीधम्म दस्ती खिळ्याला टांगलेली बघितली. जवळ जाऊन हुंगली. पिढ्यान्‌पिढ्या किराणा विकलेलं नाक ते.

"ग्रीसला हळदीचा वास येतो व्हय गं?"

"अप्पा..."

"मी इचारलं का काही?" ते म्हणाले. दस्ती काढून त्यांनी स्वतःच साबणानं धुतली, दोन पाण्यातून काढली. "वरीस संपलं म्हंजी संपलं, ते माझं बोलणं मागं घेतो मी. गॅरेज बंद पडलं तरी जागा तुझीच."

६

बाजाराच्या दिवशी गॅरेजसमोरच्या परभणी रोडला पाय ठेवायला जागा नसते. भाजीच्या पाट्या, बांगड्यांचे ढीग, शेळ्या, आणि त्यातूनच वाट काढणारे उसाचे ट्रॅक्टर. महेश्वरीच्या शेडमध्ये मात्र शुकशुकाट होता. टपरीवर बजरंग बसला होता आणि शब्द पाळत होता. "कबूल केलं तिनं माझ्यापुढं. ग्रीस पुसायचं भान न्हाई, आन् गाड्या करायली!" दत्तराव मिस्त्री मिशीतून हसत होता.

महेश्वरी पाने पुसत बसली होती. पुसलेलेच पुन्हा पुसत होती.

तेवढ्यात टपरीवरचा गलका एकदम थांबला.

चंद्रभान आले होते. धुतलेलं धोतर, फेटा बांधलेला. धारवाडीहून चालत आले असावेत, पाय धुळीनं माखले होते. ते लेकाजवळ थांबले नाहीत. सरळ गॅरेजच्या दारात येऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

"आयका रे," ते म्हणाले. बैल हाकलेला आवाज होता तो, लांब गेला. "बजरंगच्या गाडीचा धूर म्या काढला. रोज पहाटं मी गाडीखाली शिरायचो आन् पायपाला तूप-हळद लावायचो. बैलाच्या खांद्याला लावतेत तसं."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग कुणीतरी फिस्कन हसलं. मग टपरी हसली, भाजीवाल्या हसल्या, दत्तराव तर मांडी बडवून हसला. "आरं, गाडीला तूप! आबा, पेंड बी चारा की!"

"आबा, नका," महेश्वरी मागून कळवळली. "मी सांगितलं न्हाई कुणाला. कामून आलात तुमी?"

"ठावं हाय मला, सांगितलं न्हाईस. म्हणून तर आलो." त्यांनी तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. "मी येडा ठरलो तर चार दिस हसतेल. तुझ्या हाताला नाव ठिवलं तर तुझा हात जलमभर रिकामा बसंल. रिकामा हात काय आसतो ते ह्या गावात माझ्याइतकं कुणाला ठावं न्हाई."

मग ते लोकांकडं बघून म्हणाले, "हसा. लय हसा. पर गाड्या हितंच आणा. हिनं माझा खुळेपणा शोधून काढला, आन् सोताच्या अंगावर घेतला. आसा मेकॅनिक परभणी जिल्ह्यात दावा मला."

हसणं कुठं विरलं ते कळलंच नाही.

बजरंग गर्दीतून पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं बापाचा तो हात धरला. हळदीचा रंग अजून नखांत होता.

"आबा," तो म्हणाला, "बैल इकताना तुमाला इचारायला पायजे व्हतं."

चंद्रभाननी दुसरा हात लेकाच्या खांद्यावरून फिरवला. 

बजरंग महेश्वरीकडं वळला. भर बाजारात, ज्या आवाजात बदनामी केली होती त्याच आवाजात तो म्हणाला, "ताई, चुकलो. माझी गाडी तुझ्याकडंच ऱ्हाईल. आन् आबांना रोज घेऊन येतो हितं, तुझी हरकत नसंल तर. त्यांच्या हाताला काम दे."

"हरकत कसली," महेश्वरी म्हणाली. ती आत गेली, ग्रीसचा डबा आणला आणि चंद्रभानच्या हातात दिला. "आबा, पाइप सोडून द्यायचा. बाकी दाराच्या बिजागऱ्या, सीटच्या पट्ट्या, ब्रेकच्या तारा, जिथं जिथं करकर वाजतं तिथं लावायचं. कुठं वाजतंय ते तुमीच ऐकून सांगा."

म्हाताऱ्यानं डब्यात दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळून बघितली. "तुपापरीस चिवट हाय," तो म्हणाला, आणि बाजारातल्या गर्दीकडं बघत त्यानं बाह्या वर सारल्या. ज्यानं गुरुवारी आपली मोटारसायकल ढकलत नेली होती, तोच माणूस ती ढकलत परत येत होता.